आपली नोंदवही आपणच बांधू या

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अभिवादन करून मी आजच्या विषयाकडे वळते. विषय संगणकाचा आहे. पायथन या भाषेतील जँगो नावाच्या चौकटीच्या साहाय्याने वेब ॲप्लिकेशन कसे बांधावे आणि ते लोकांच्या वापरासाठी कसे उभे करावे, हे मला सांगायचे आहे. धम्म, शिक्षण आणि समाज यांवर जेथे व्याख्याने होतात त्या व्यासपीठावर हा विषय कशाला, अशी शंका ज्येष्ठांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून सुरुवात संगणकापासून न करता आपल्या संस्थेच्या दारापासूनच करते.

दरवर्षी निकाल लागले की आपल्या कार्यालयाबाहेर शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी रांग लागत असे. दूरच्या खेड्यातला मुलगा एस.टी.ला पैसे मोडून यायचा आणि उत्पन्नाच्या दाखल्याची एक झेरॉक्स कमी पडली म्हणून तसाच परत जायचा. खिडकीवरचे काका प्रेमाने समजावून सांगत; पण कागद नाही म्हणजे नाही. मी स्वतः त्या रांगेत उभी राहिले आहे, म्हणून हे सांगते. दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीने ठरवले, की हा अर्ज मोबाइलवरून घरबसल्या भरता यावा. काम बाहेर कंत्राटाने न देता आपल्याच महाविद्यालयीन मुलामुलींनी करावे आणि मी त्यांच्यासोबत बसावे, असेही ठरले. आम्ही सहाजण होतो. त्या कामात आम्ही काय शिकलो आणि कोठे चुकलो, ते आज आपल्यापुढे ठेवते. सर्व व्याख्यानाचे सार आधीच सांगते : असे ॲप्लिकेशन बांधणे आज सोपे झाले आहे, पण आपल्या माणसांनी विश्वासाने आपले कागद त्यात ठेवावेत, असे ते उभे करणे आणि उभे ठेवणे ही मोठी जबाबदारी आहे. ती जबाबदारी घ्यायला आपण शिकले पाहिजे.

प्रथम, वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय? साधे संकेतस्थळ हे कार्यालयाबाहेर लावलेल्या फलकासारखे असते. यावे, वाचावे, जावे. वेब ॲप्लिकेशन हे कार्यालयाच्या खिडकीसारखे असते. तेथे आपण काही मागतो, काही देतो, आपली नोंद होते, आणि पुढच्या वेळी गेलो की ती नोंद सापडते. रेल्वेचे आरक्षण, बँकेचा व्यवहार, सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज, ही सारी वेब ॲप्लिकेशने होत.

हे बांधण्याची साधने कोणाच्या मालकीची आहेत, हा आपल्या समाजाने आधी विचारायचा प्रश्न. उत्तर ऐकून आनंद वाटेल. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन केंद्रात वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. १९८९ च्याच डिसेंबरात नाताळच्या सुटीत गिडो व्हॅन रॉसम यांनी नेदरलँड्समध्ये पायथन भाषेच्या कामाला हात घातला आणि १९९१ साली ती लोकांपुढे ठेवली. जँगोचा जन्म तर एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ साली काम करीत होते. संपादक दुपारी काही मागणार आणि ते अंकाच्या वेळेपर्यंत हवे, अशी त्यांची अवस्था. प्रत्येक वेळी तेच तेच काम नव्याने करावे लागू नये म्हणून त्यांनी जी चौकट तयार केली, तीच जँगो. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी मुक्त करण्यात आली आणि २००८ साली तिच्या सांभाळासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले.

जँगो हे नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ठेवले आहे. त्याची हकिगत मुद्दाम सांगते. तो रोमा समाजातला. या समाजाच्या भाषेचे मूळ आपल्या भारतात आहे, आणि युरोपात शतकानुशतके गावाबाहेर ठेवलेला असा हा समाज आहे. १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेला हा मुलगा फिरत्या गाड्यांच्या वस्तीत वाढला. १९२८ साली त्याच्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. गिटारवादकाचा डावा हात गेला म्हणजे सारेच गेले, असे कोणीही म्हटले असते. त्याने उरलेल्या दोन बोटांनी वाजवण्याची स्वतःची रीत शोधून काढली आणि जगातील मोठ्या वादकांत तो गणला गेला. आपल्याजवळ साधने कमी आहेत म्हणून मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे नाव उच्चारताना ही गोष्ट आठवावी.

सांगायचा मुद्दा असा, की वेब, पायथन आणि जँगो या तिन्ही गोष्टी आज मोफत आहेत. त्यांची आज्ञावली उघडून वाचता येते, बदलता येते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला या मोकळ्या दाराचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

आता आत शिरू. जँगोत चार गोष्टी प्रामुख्याने असतात आणि त्या चारही आपल्या कार्यालयात आहेत. दारावरचा माणूस विचारतो, 'कोणते काम आहे?' आणि योग्य टेबलाकडे पाठवतो. जँगोत हे काम पत्त्यांची यादी करते. ब्राउझरमधला पत्ता पाहून विनंती कोठे पाठवायची हे ती ठरवते. टेबलावरचा कारकून म्हणजे 'व्ह्यू'. तो विनंती तपासतो, कपाटातून नोंद काढतो किंवा नवी नोंद घालतो आणि उत्तर देतो. कपाटातली आखलेली नोंदवही म्हणजे 'मॉडेल'. कोणते रकाने, कशात आकडा, कशात तारीख, कोणता रकाना सक्तीचा, हे त्यात लिहिलेले असते. आणि उत्तर ज्यावर छापून दिले जाते तो कोरा छापील नमुना म्हणजे 'टेम्प्लेट'. एवढे समजले की अर्धे जँगो समजले.

या चारांत सर्वांत महत्त्वाची नोंदवही. रकाने आखणे हे काम तांत्रिक वाटते, पण आमचा सर्वांत मोठा वाद तेथेच झाला. जुन्या कागदी अर्जात धर्म, जात, पोटजात असे तीन रकाने होते. ते आम्ही जसेच्या तसे उतरवून घेत होतो. तेव्हा आमच्यातली बारावीची एक मुलगी म्हणाली, "ताई, आपली शिष्यवृत्ती गुण आणि घरचे उत्पन्न पाहून देतात ना? मग हा रकाना कशाला?" आम्ही सारे गप्प. एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांना विचारले, तर ते म्हणाले, "नेहमी असतो म्हणून आहे." सरकारी अर्जावरून कधीतरी आपला अर्ज छापला गेला आणि रकाना तसाच राहिला.

वाद बराच झाला. ज्येष्ठांचे म्हणणेही खोटे नव्हते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींच्या सवलतींत समावेश झाला; त्या सवलतींसाठी जातीचा दाखला लागतोच आणि आपली संस्था मुलांना ते अर्ज भरायलाही मदत करते. पण तो अर्ज वेगळा आणि आपला वेगळा. शहरात खोली मिळत नाही म्हणून आडनाव सांगायला कचरणारी मुले याच सभागृहात बसलेली असतील. त्यांचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि पोटजात एका यादीत घालून ती यादी इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर ठेवायची, आणि ती चुकीच्या हातात गेली तर? जी माहिती आपण घेतलीच नाही, ती कोणी चोरूही शकत नाही. अखेर कार्यकारिणीने तिन्ही रकाने काढून टाकले. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद त्यात आहे. पण आमच्याकडे रकाने निघाले ते कायद्याच्या धाकाने नव्हे, एका बारावीच्या मुलीच्या प्रश्नाने.

दुसऱ्या रकान्यात मात्र आम्ही चुकलो. जँगोच्या नोंदवहीत एखादा रकाना रिकामा चालेल असे आपण मुद्दाम लिहिले नाही, तर तो सक्तीचा धरला जातो. आम्ही 'वडिलांचे नाव' हा रकाना लिहिला आणि पुढे गेलो. अर्ज सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. आईने एकटीने वाढवलेली मुलगी. वडिलांचे नाव लिहायची तिची इच्छा नव्हती, आणि ते लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. शेवटी तिने तेथे नुसते एक टिंब टाकले होते. अर्ज भरला गेला होता, तरी तिने फोन केला, "टिंब टाकले म्हणून अर्ज बाद होईल का?" एवढे विचारायला.

त्या टिंबाने आम्हाला फार शिकवले. खिडकीवरच्या काकांनी तिच्याकडे पाहून तो रकाना रिकामा सोडला असता. संगणक माणूस पाहत नाही. आपण लिहिलेला नियम पाहतो, आणि तो सर्वांना सारखाच लावतो. म्हणून नियम लिहिणाऱ्याने आपल्यापुढे नसलेल्या माणसाचा विचार आधी करायचा असतो. आम्ही रकान्याचे नाव 'पालकाचे नाव' केले आणि आई, वडील किंवा अन्य कोणीही चालेल, असे शेजारी लिहिले. दुरुस्ती दोन ओळींची होती. जँगोत अशी दुरुस्ती 'मायग्रेशन' या पद्धतीने होते. नोंदवहीत काय बदल झाला, याची एक क्रमांकित फाइल तयार होते, आणि ती चालवली की आधीच्या नोंदी न पुसता वहीची आखणी बदलते. पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचा प्रत्येक बदल त्या फाइलींत ओळीने पाहता येतो.

तिसरी अडचण आपल्या मराठीची. संस्थेच्या जुन्या याद्या ज्या फाँटात टंकलिखित झाल्या होत्या, तो युनिकोडच्या आधीचा होता. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या याद्या म्हणजे नुसती इंग्रजी चिन्हांची गर्दी. त्या रूपांतर करून घ्याव्या लागल्या. त्यानंतरही एक गंमत झाली. 'कऱ्हाड' असे शोधले की काही मुले सापडत आणि काही सापडत नसत. दोन्हीकडे डोळ्यांना शब्द एकच. कारण असे, की 'ऱ्ह' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो आणि वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळा प्रकार लिहितात. नोंद घेतानाच एका प्रकाराचा दुसऱ्यात बदल करणारी चार ओळींची आज्ञावली लिहिली आणि मुले सापडू लागली. ही चार ओळींची गरज कॅन्ससमध्ये कोणाला पडणार नव्हती. ती आपलीच आपण ओळखायची असते.

जँगोची एक मोठी देणगी म्हणजे व्यवस्थापनाचे तयार दालन. नोंदवही आखली की नोंदी पाहण्याचे, शोधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे पान थोडक्या कष्टात मिळते, आणि त्यातली बटणे व सूचना मराठीतही दिसतात. कोणी काय पाहावे याचे अधिकारही वाटून देता येतात. छाननी करणाऱ्याला गुण दिसावेत, पण बँक खाते दिसू नये, अशी व्यवस्था आम्ही केली. येथे मला उपालीची आठवण होते. नापिताच्या कुळात जन्मलेला उपाली शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात घेतला गेला, आणि तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयी विचारले गेले ते त्यालाच. नोंद कोणी राखायची हे जन्मावरून ठरले नाही. ज्याने ती काळजीपूर्वक राखली त्याच्याकडे ती आली. आपल्या नोंदवहीची किल्ली कोणाकडे असावी, हे ठरवताना पदाधिकाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरा भाग, म्हणजे बांधलेले ॲप्लिकेशन लोकांसाठी उभे करणे. विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त अडखळायला होते ते येथे. आपल्या संगणकावर 'रनसर्व्हर' ही आज्ञा दिली की ॲप्लिकेशन लगेच चालू होते आणि वाटते, झाले काम. पण ती व्यवस्था केवळ सरावासाठी आहे. घरच्या अंगणात सायकल चालवणे वेगळे आणि भर रस्त्यावर प्रवाशांनी भरलेली गाडी चालवणे वेगळे.

खऱ्या सर्व्हरवर काम वाटून घेतलेले असते. बाहेरून आलेली विनंती प्रथम एन्जिनएक्स नावाचा कार्यक्रम घेतो. चित्रे, रंगरूपाच्या फाइली तो स्वतःच देऊन टाकतो आणि बाकीची विनंती आत गनिकॉर्नकडे पाठवतो. गनिकॉर्न जँगोच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू ठेवतो, म्हणजे एकाचा अर्ज भरला जात असताना दुसऱ्याला थांबावे लागत नाही. नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जातात. सरावात वापरलेला एसक्यूलाइट चांगला आहे. पण अखेरच्या दिवशी शेकडो मुले एकदम अर्ज भरू लागली की एका वेळी एकानेच लिहायचे, ही त्याची रीत अपुरी पडते. पत्त्याच्या आधी कुलपाचे सुरक्षित रूप हवे. त्यासाठीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी.

चढवण्यापूर्वी तीन गोष्टी न चुकता तपासाव्यात. पहिली, 'डीबग' बंद केले आहे ना? सरावात चूक झाली की जँगो आज्ञावलीचा तो भाग आणि त्या वेळची माहिती सविस्तर दाखवते. शिकणाऱ्याला ते उपयोगी. पण तेच पान जगाला दिसले तर घराचा नकाशा चोराच्या हाती दिल्यासारखे होते. दुसरी, गुप्त किल्ली आज्ञावलीत लिहिलेली नाही ना? ती सर्व्हरवर वेगळी ठेवायची असते. तिसरी, आपल्या कोणत्या पत्त्यांसाठी आलेली विनंती स्वीकारायची, याची यादी भरली आहे ना? जँगोमध्ये 'चेक' या आज्ञेला 'डिप्लॉय' जोडून दिले की अशा बऱ्याच उणिवा ती स्वतः दाखवते. तसेच पासवर्ड जसेच्या तसे न साठवणे, नावाच्या रकान्यात कोणी डेटाबेसला आज्ञा लिहून पाठवली तर ती केवळ अक्षरे म्हणून धरणे, दुसऱ्याच ठिकाणाहून आपल्या नावाने आलेला खोटा अर्ज ओळखणे, ही संरक्षणे जँगोत मुळातच आहेत. आपण फक्त ती बंद करायची नाहीत.

एवढे करूनही पहिल्याच दिवशी निम्म्या मुलांचे अर्ज परत येऊ लागले. आमच्या संगणकांवर तर सर्व ठीक होते. शोध घेतला तेव्हा कळले, की एन्जिनएक्स मुळात एक मेगाबाइटपेक्षा मोठे काही स्वीकारत नाही, आणि मोबाइलने काढलेला गुणपत्रिकेचा फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो. मर्यादा वाढवली, आणि फोटो पाठवण्यापूर्वीच मोबाइलवर लहान व्हावा अशी सोय केली, कारण खेड्यात रेंज कमी असते. वेळेचेही असेच. नवा प्रकल्प सुरू केला की जँगो ग्रीनिचची वेळ धरून चालते. तिच्या मूळ घडणीत तर आजही शिकागोची वेळ आहे. कॅन्ससच्या त्या कचेरीत तीच वेळ चालते. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. 'एशिया/कोलकाता' असे लिहिले नसते, तर मध्यरात्री बंद व्हायचा अर्ज दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंत उघडा राहिला असता आणि कोणाला उशीर झाला, कोणाला नाही, यावर भांडणे झाली असती.

आता आमच्या सर्वांत मोठ्या चुकीबद्दल सांगते. सुरुवातीला आम्ही ॲप्लिकेशन एका भाड्याच्या सेवेवर ठेवले होते. तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष आमचा होता. नवी आवृत्ती चढवली की तेथील डिस्क कोरी होते, हे त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही ते वाचले नव्हते. अर्जातील मजकूर वेगळ्या डेटाबेसमध्ये होता, पण गुणपत्रिकांचे फोटो त्या डिस्कवर होते. एका शनिवारी रात्री शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करून मी नवी आवृत्ती चढवली. रविवारी सकाळी अकरा मुलांच्या गुणपत्रिका नाहीशा झालेल्या होत्या.

मी एकेकाला फोन केले आणि चूक कबूल केली. बहुतेकांनी फोटो पुन्हा पाठवले. एक मुलगा मात्र काही वेळ बोललाच नाही. त्याच्याकडे चांगला फोन नव्हता. तालुक्याला जाऊन, एक दिवसाची मजुरी बुडवून त्याने तो कागद पाठवला होता. मग तो म्हणाला, "ताई, आधी रांगेत उभं राहायचो, तेव्हा कागद तरी हातात राहायचा." बंधू-भगिनींनो, ज्या रांगेतून मुलांची सुटका करायची म्हणून आम्ही हे बांधले, त्याच रांगेत मी त्याला पुन्हा उभे केले होते. त्याचा कागद आणायला आमच्यातले दोघे मोटारसायकलवरून त्याच्या गावी गेले.

त्या दिवसापासून आम्ही फोटो वेगळ्या, कायमच्या जागी ठेवतो आणि रोज रात्री सर्व माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी जाते. पण नुसती प्रत काढणे पुरेसे नाही. दर महिन्याला ती प्रत एका कोऱ्या संगणकावर उतरवून पाहतो, की यातून खरोखर सर्व पुन्हा उभे राहते का. आपल्या परंपरेत याचे मोठे उदाहरण आहे. बुद्धवचन शतकानुशतके भिक्षूंच्या मुखी होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्ध आले, पाठ असणारे भिक्षूच उरले नाहीत तर काय, ही चिंता पडली, आणि अलुविहारात त्रिपिटक लिहून काढले गेले. एकाच ठिकाणी असलेली गोष्ट सुरक्षित नसते, हे आपल्या पूर्वसूरींनी तेव्हाच ओळखले होते.

आणखी एक सवय लावून घेतली. विनयातील नियम एकदम बसून केलेले नाहीत. काही घटना घडली, तक्रार तथागतांपर्यंत आली, आणि मग नियम घालून दिला गेला, असेच परंपरा सांगते. आम्हीही तसेच करतो. चूक सापडली की दुरुस्तीबरोबर एक लहानशी चाचणी लिहितो. ती चूक पुन्हा झाली तर नवी आवृत्ती चढवण्यापूर्वीच ती ओरडून सांगते. आमच्या पहिल्या चाचणीचे नाव आहे, 'वडिलांच्या नावाशिवाय अर्ज भरता आला पाहिजे'.

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात कशी करावी, असे तुम्ही विचाराल. पायथन आधी शिका. दोन-तीन महिने रोज तासभर पुरे. जुना, साधा संगणकही चालतो. जँगोचा स्वतःचा प्रारंभिक पाठ मोफत आहे. २०१४ साली बर्लिनमध्ये दोन तरुणींनी सुरू केलेल्या 'जँगो गर्ल्स' या उपक्रमाची पुस्तिका अगदी नवख्यांसाठी लिहिलेली आहे आणि शेवटी ॲप्लिकेशन उभे करेपर्यंत ती हात धरून नेते. आवृत्ती घेताना दीर्घ मुदतीची घ्या. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ५.२ ही तशी आहे. तिला तीन वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. इंग्रजीची भीती बाळगू नका, आणि कोणाच्या तरी नकलेवर थांबू नका. पहिले ॲप्लिकेशन आपल्या गरजेचे बांधा : विहाराच्या ग्रंथालयाची यादी, वसतिगृहाची हजेरी, बचत गटाचा हिशेब.

पदाधिकाऱ्यांना दोन विनंत्या. संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरचे खाते आणि पासवर्ड कोणा एका स्वयंसेवकाच्या नावावर ठेवू नका. मुले नोकरीला लागतात, गावे बदलतात. ते संस्थेच्या नावावर आणि किमान दोघांच्या हाती असावेत. आणि वार्षिक अंदाजपत्रकात जसा वीजबिलाचा खर्च धरता, तसा याचाही थोडा खर्च दरवर्षी धरा. उद्घाटनाला हार सर्वजण घालतात. नूतनीकरणाची तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटी एवढेच. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. आपले म्हणणे मांडायचे साधन आपल्याच हाती असले पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. तो पुढे बंद पडला. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले. तेही फार काळ चालले नाही. १९३० साली 'जनता' निघाले आणि १९५६ साली त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. पत्र काढणे एक वेळ जमते, ते चालवत ठेवणे किती कठीण असते, हे बाबासाहेबांइतके कोणी सोसलेले नाही. आणि तरीही एक बंद पडले की त्यांनी दुसरे काढले.

आज आपली नोंदवही मोबाइलवर उघडते. यंदा अर्ज भरताना कोणी टिंब टाकले नाही, आणि कोणाचा कागद हरवला नाही. पुढच्या वर्षी माझ्या जागी तुमच्यापैकी कोणीतरी बसावे आणि आमची राहिलेली चूक शोधून काढावी, ही अपेक्षा व्यक्त करते.

नमो बुद्धाय. जयभीम. जय भारत.